तळघरातला गारवा

तळघराच्या भिंतीला तळहात लावायचा, तो नाकाशी न्यायचा आणि म्हणायचं, "सुकून राहिलंय." शेजारच्या काकांचं हे रोजचं. भिंत कधीच सुकत नव्हती. नांदेडात गोदावरीच्या इतक्या जवळ घर बांधल्यावर ती सुकणार कशी?

काका मूळचे मुखेडचे. काकू गेल्या, मुलगा नोकरीला पुण्यात. वरच्या खोल्या मोकळ्या ठेवून काका खालीच राहायचे.

उन्हाळ्यात ती ओल साऱ्या गल्लीच्या कामी यायची. भाजीवाल्या बाया मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या ओल्या पोत्यात गुंडाळून तिथं ठेवत. पानवाल्याची पानांची टोपलीही तिथंच. जेवणं झाली की आम्ही चार-पाच जण गार फरशीवर आडवे व्हायचो. मे महिन्यातलं नांदेड तुम्ही सोसलं असेल, तर तुम्हीही आला असता.

"चपला बाहेर काढा रे, हे काय बसस्टँड हाय का?" काका दटावायचे आणि स्वतःच चटया अंथरायचे. कुणी आलं नाही, तर भर उन्हात दारात उभे.

पावसाळ्यात भिंतींवर बुरशी धरायची. तेव्हा आम्ही फिरकत नसू. काका मात्र तिथंच खोकत पडलेले. ओलीत झोपू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गेल्या उन्हाळ्यात मीही म्हणालो, "काका, वर झोपत जा."

"वर गेल्यावर तुम्ही कशाला येताव? पंखा तर तुमच्या घरीबी हाय."

मी हसलो. खरं सांगायचं तर ती दुपारची झोप मलाही सोडवत नव्हती.

त्याच आठवड्यात त्यांच्या मुलाचा मला फोन आला. "दादा, बाबा वरच झोपतात ना? मला ते खरं सांगत नाहीत."

मी काकांच्या शेजारीच पडलो होतो. ते जोरजोरात हातानं खुणावत होते.

"वरच असतात," मी म्हणालो. "काळजी करू नको."

"शाब्बास!" काका पुटपुटले. फोन बंद होईपर्यंत खोकला ऐकू जाऊ नये, म्हणून त्यांनी तोंडावर रुमाल दाबून धरला होता.

श्रावणात त्यांची छाती भरली. दवाखान्यातून ते परत आले नाहीत.

तेरावं झाल्यावर मुलगा घर बंद करायला निघाला. मला म्हणाला, "दादा, बाबांसाठी मागच्या दिवाळीला वर चांगली गादी घेतली होती. ती तुम्ही न्या. त्यांची आठवण राहील."

मी नको नको म्हणेपर्यंत तो जिना चढलाही. मी मागोमाग गेलो.

खिडकीखाली पलंग होता. गादीवरचं दुकानातलं प्लॅस्टिक तसंच होतं, त्यावर धुळीचा थर. मुलानं त्यावरून एकदा बोट फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"धरा दादा एका बाजूनं," तो म्हणाला.