भुकेच्या खुणा

मला लहानपणापासून नसत्या चौकशांची खोड. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कंपनीत, लॅबमध्ये, मी बरीच वर्षं होते. तिथे या खोडीचा निदान पगार मिळायचा. कंपनी बंद पडली आणि मी स्तनपान सल्लागाराच्या ट्रेनिंगला नाव घातलं. नवरा म्हणाला, "दूध पाजायला काय शिकवायचं असतं गं?" मलाही नेमकं तेच जाणून घ्यायचं होतं, म्हणून त्या दिवशी भांडण झालं नाही.

क्लास उल्हासनगरला, एका कपड्याच्या दुकानाच्या वर. शिकवणाऱ्या मॅडम आधी हॉस्पिटलात नर्स होत्या, आवाज खणखणीत. त्या एकेक इंग्रजी शब्द फळ्यावर लिहायच्या आणि आम्ही त्याला घरातला शब्द शोधायचो. कोलोस्ट्रम म्हणजे चीक, हे कळल्यावर मला हसूच आलं. चीक म्हटलं की मला आजवर फक्त खरवस आठवायचा, बाईलाही तो येतो याचा विचारच केला नव्हता. लेट-डाऊन म्हणजे पान्हा फुटणं. लॅच म्हणजे बाळाची पकड. नुसतं बोंड तोंडात घेऊन चालत नाही, भोवतीचा काळसर भागही घ्यावा लागतो. मी विचारलं, दुसऱ्याचं बाळ रडलं तरी पान्हा का फुटतो? चीक पिवळा का? बाळाची टाळू खोल गेली तर अंगातलं पाणी कमी झालं असं का समजायचं? शेजारी बसणारी सिंधी मुलगी मला 'क्वेश्चन बँक' म्हणायला लागली. मॅडम म्हणायच्या, "अगं बाई, बाकीच्यांनाही तोंड आहे."

शिकता शिकता मॅडमबरोबर घरभेटीलाही जायचं असे. माझी पहिली भेट बदलापूरला, मांजर्लीतल्या एका फ्लॅटमध्ये. पहिलटकरीण माहेरी आलेली, बाळाचं बारसं अजून व्हायचं होतं. बाळाचं वजन वाढायचं सोडून घटत चाललं होतं. डॉक्टरांना तपासणीत दुसरं काही सापडलं नव्हतं. सोमवारी वजन वाढलेलं दिसलं नाही तर ॲडमिट करू, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं, आणि आम्ही गेलो तो शुक्रवार होता.

"मॅडम, मला दूधच नाहीये," पोरीने आम्ही टेकायच्या आत सांगून टाकलं. "पंप लावला तर बाटलीचा तळ पण नाही भरत. मतलब, काहीच नाही." अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शतावरी, सगळं चालू होतं. बोलताना तिचे डोळे भरून आले. मला तिची फार दया आली.

तिची आई मात्र नातवावर खूश होती. "बाळ गुणी आहे हो. हूं नाही की चूं नाही. मावशी मालीश करून, न्हाऊ घालून, धुरी देऊन गेल्या की जो झोपतो तो खुशाल चार-पाच तास. बिल्डिंगमधल्या सगळ्या नावाजतात." नातू उठू नये म्हणून आजी हे सगळं कुजबुजत सांगत होत्या. बाळ दुपट्यात मानेपर्यंत घट्ट गुंडाळलेलं, कपाळावर ठसठशीत तीट.

मी लॅबमधली बाई, मला कुठे दम निघतोय? "इतका झोपतो, तर पितो कधी?"

"उठला की. झोपलेल्या मुलाला कोणी उठवतं का?"

मॅडमनी या वेळी मला गप्प केलं नाही. त्या बाळाजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "दुपटं सोडा."

"अहो, दचकतो तो. हात मोकळे राहिले की चाळवाचाळव करतो आणि झोप मोडते. म्हणून तर बांधायचं."

"तीच चाळवाचाळव बघायचीय मला."

आजींनी नाखुशीनेच दुपटं उलगडलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग एक मूठ हळूहळू वर आली, गालावर आपटली, घसरली, परत आली आणि ओठांपाशी पोचली. मान त्या बाजूला वळली. जीभ बाहेर आली, आत गेली. आवाज मात्र अजिबात नाही.

"याला फीडिंग क्यूज म्हणतात. भुकेच्या खुणा," मॅडम हलकेच म्हणाल्या. "रडणं सगळ्यात शेवटी येतं. आणि पोटात कमी जायला लागलं की रडायचीही ताकद राहत नाही. मग बाळ नुसतं झोपून राहतं."

त्यांनी बाळाचे कपडे काढून त्याला पोरीच्या उघड्या छातीवर ठेवलं, वरून चादर पांघरली. पकड जमायला तीनदा सोडवून परत लावावं लागलं. मग गिळल्याचा बारीकसा आवाज आला आणि पोरगी चमकून मॅडमकडे बघायला लागली. पंपाला न आलेलं दूध बाळाला येत होतं. ते पेंगलं की मॅडम तळव्याला गुदगुल्या करायच्या; उरलेलं हाताने पिळून बोंडल्याने पाजलं. दर दोन-अडीच तासांनी उठवून पाजायचं, हात मोकळे ठेवायचे, आणि उठेनासं झालं किंवा लघवी कमी झाली तर सोमवारची वाट न बघता डॉक्टर गाठायचा, असं बजावून आम्ही निघालो. शनिवार-रविवार माझं घरात लक्ष नव्हतं. भाजी दोनदा करपली.

सोमवारी मी आपण होऊनच डॉक्टरांकडे जाऊन उभी राहिले. काट्यावर उघडं ठेवल्याबरोबर बाळाने असं भोकाड पसरलं की बाहेर बसलेले पेशंट वाकून बघायला लागले. वजन वाढलं होतं. ॲडमिट करायची गरज नाही, दोन दिवसांनी परत दाखवा, म्हणून डॉक्टरांनी सांगितलं. मला इतका आनंद झाला की मी त्या पोरीला मिठीच मारणार होते.

पण ती हसत नव्हती. बाळाला कपडे घालता घालता तिने मला विचारलं, "ताई, म्हणजे इतके दिवस तो मागत होता?"

जन्मभर मी लोकांना प्रश्न विचारत आलेय. याचं उत्तर मला ठाऊक होतं. मी दुपट्याची घडी घालायला लागले. तिची आई माझ्या मागे उभी होती.

"मागत होता गं," आजी म्हणाल्या. "मी त्याचे हात बांधत होते."