मलेसर

आमच्या कबड्डीच्या सरांना शुद्ध मराठी येत नव्हती असं नाही. शाळा तपासायला साहेब आले की वहीवर अगदी पुस्तकी शेरा लिहायचे. पण तोंड उघडलं की वऱ्हाडीच, मग समोर शिपाई असो की कलेक्टर. पुण्याच्या एका निवड शिबिरात तिथल्या मुलींनी त्यांचं 'मले, तुले' ऐकलं आणि लगेच नाव ठेवलं, मलेसर. आम्हा मोर्शीच्या पोरींना संताप आला. सर मात्र खूश! "मस्त नाव हाय. आईबापानं ठेवलेलं कोनाच्या ध्यानात राह्यते?"

त्याच शिबिरात एक प्रशिक्षक मॅडम त्यांना हळूच म्हणाल्या, "सर, मुलींसमोर जरा शुद्ध बोलत जा ना." सर गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "मॅडम, मायी बोली धुतलेलीच हाय. रोज आंघोळीसंगं धुतो." मॅडमना हसावं की रागवावं ते कळेना.

मला मात्र असं हसण्यावारी नेणं जमलं नाही. मी डावा कोपरा खेळायची. कोपऱ्यावरच्या मुलीनं ओरडून बाकीच्यांना हलवायचं असतं, पकड कधी घालायची ते सांगायचं असतं. मी ओरडले, "धर तिले!" आणि पलीकडे बसलेल्या सगळ्या फिस्सकन हसल्या. जेवणाच्या रांगेत माझ्या मागे "धर तिले, भात वाढ तिले" सुरू झालं. अकरावीतली पोरगी मी, मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून मैदानावर माझं तोंड बंद. "तिला धर" म्हणावं असं ठरवायचे, पण डोक्यात ते वाक्य जुळेपर्यंत चढाईवाली रेषा ओलांडून गेलेली असायची. निवड अर्थातच झाली नाही.

"कबड्डी तोंडानं खेळतेत पोरी, पायानं निस्तं पळतेत," सर म्हणायचे. चिडले कधी नाहीत. पण नेपाळच्या मैत्री दौऱ्याला निघायच्या आधी त्यांनी मला बाजूला घेतलं. "पाय, मी खोटं बोलत नाई. तिथंबी तू अशीच गप राह्यली, तर वापस आल्यावर डावा कोपरा दुसरीले द्या लागन. मले वाईट वाटन, पन देईन." त्या कोपऱ्यावाचून माझ्याकडे स्वतःचं असं दुसरं काहीच नव्हतं. घरी येऊन मी उशीत तोंड खुपसून रडले.

बुटवलच्या एका शाळेचे कबड्डीचे मास्तर सरांना कुठल्याशा प्रशिक्षणात भेटले होते, त्यांनी बोलावलं होतं. बडनेऱ्याहून रेल्वेनं गोरखपूर, तिथून बसनं सोनौलीची सीमा आणि पुढे बुटवल. भेट म्हणून शेंदूरजनाघाटहून संत्र्यांच्या चार पेट्या घेतल्या होत्या. गोरखपूरपर्यंत दोनच उरल्या. सर नुसते म्हणाले, "मैत्री आपसातबी झाली पायजे."

पहिल्याच संध्याकाळी जेवताना ते मास्तर पातेल्याकडे बोट दाखवून काहीतरी बोलले आणि त्यात 'मैले' असा शब्द आला. सर घास हातात धरून उभेच राहिले. "पाय वं, पाय! हेबी 'मले' म्हनते!" मग रात्रभर जो भेटेल त्याच्या तोंडून मैले, तिमीले, उसले ऐकत हिंडले. सगळीकडे 'ले' होतं. झोपायच्या आधी त्यांनी आम्हाला बसवून सांगितलं, "इथं बिनधास्त बोला. हे आपलेच सोयरे हायेत." माझ्याकडे बघून पुन्हा म्हणाले, "बिनधास्त!"

दुसऱ्या दिवशी सामना. उत्तरार्धात त्यांची एक उंच मुलगी चढाईला आली, मी तिचा घोटा पकडला, शिटी वाजली. पंच गुणलेखकाकडे वळले आणि तेवढ्यात तिनं पाय सोडवून घेण्यासाठी माझ्या बरगडीत सणसणीत लाथ घातली. किती महिन्यांनी माझं तोंड उघडलं! छातीवर हात ठेवून मी किंचाळले, "मले लात मारली!"

पंच वळले. त्यांनी मला नीट पाहिलं, शाबास म्हणून पाठ थोपटली आणि मलाच पिवळं कार्ड दाखवलं. दोन मिनिटं बाहेर!

नेपाळीत 'मैले' म्हणजे 'मी'. 'मैले लात मारेँ' म्हणजे 'मी लाथ मारली'. माझ्या प्रामाणिकपणावर पंच बेहद्द खूश होते. त्यांचे मास्तर मोडक्या हिंदीत सरांना हे समजावताना हसून हसून खाली बसले.

सर हसले नाहीत. ते माझ्यापुढे उकिडवे बसले. "चुकी मायी हाय. म्याच म्हनलं बिनधास्त बोल. पन आता जाय, पंचाले तूच सांग."

"मी आता जन्मात बोलत नाई सर. बोलले अन् बाहेर बसले."

"पंचानं चुकीचं आयकलं. तू चुकीचं नाई बोलली. ह्या दोन गोठी येगयेगळ्या हायेत पोरी. जाय."

ते वाक्य माझ्यासाठी कोणी आधी कधीच बोललं नव्हतं. मी उठले, पंचांपुढे गेले आणि वऱ्हाडीतच सांगितलं. हातवारे करून, बरगडी दाखवून. पंच गोंधळले. तेवढ्यात ती उंच मुलगी पुढे आली, मान खाली घालून, स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाली, "मैले लात मारेँ." सगळं मैदान असं काही हसलं म्हणता! पंचांनी माझं कार्ड मागे घेतलं. मी आत गेले आणि उरलेला सामना "धर तिले, सोडू नोको तिले" करत घसा बसेपर्यंत ओरडले. हरलो आम्ही, ते सोडा. डावा कोपरा माझ्याकडे राहिला.

आता मी अकोल्याच्या शाळेत खेळ शिकवते. यंदाच्या थंडीत सरांना लकवा मारला. उजवा हात गेला, वाचा गेली. जन्मभर बोलत आलेला माणूस मुका झाला हे ऐकून मला देवाचा फार राग आला. मोर्शीला गेले तेव्हा वाचा-उपचाराच्या मॅडम चित्रांची कार्डं घेऊन पलंगाशी बसल्या होत्या. "म्हणा सर, 'मला पाणी हवं आहे.'" सर भिंतीकडे तोंड करून पडलेले. काकू, सरांच्या बायको, म्हणाल्या, "रोजचंच हाय. आयकूनच नाई राह्यले."

मी मॅडमकडून कार्ड मागून घेतलं, पालथं केलं आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, 'मले पानी पायजे.' सरांच्या डोळ्यांपुढे धरून वाचून दाखवलं. त्यांनी मान वळवली. कार्डाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ओठ बराच वेळ नुसते हलत राहिले.

"मले..." काकूंनी माझा दंड घट्ट धरला. "पानी... नाई." त्यांनी डावा हात उचलून कार्ड बाजूला सारलं. "चा."

मॅडमनी घाईघाईनं विचारलं, "काय म्हणाले? काय म्हणाले?"

"चहा मागून राह्यले," मी म्हटलं.