बसलेल्या बाईचा पुतळा

हाटकेशला माझा गाळा होता तेव्हा दारात येणारा प्रत्येक माणूस आधी विचारायचा, "शेठ आहेत का?" कपड्यांच्या दुकानांत साड्या-ड्रेस चढवून उभे करतात ते फायबरचे पुतळे आम्ही बनवायचो. आम्ही म्हणजे मी आणि चार कारागीर. माझे मिस्टर नोकरीला होते. रविवारी गाळ्यावर यायचे, चहा प्यायचे आणि केमिकलच्या वासाने डोकं दुखतं म्हणून पेणकरपाड्याला घरी निघून जायचे. तरी एका शाळेसाठी मी संस्थापकांचा अर्धपुतळा केला, तेव्हा अनावरणाला शाल-श्रीफळ मिस्टरांना मिळालं. मला व्यासपीठावर बोलावलं ते निरांजनाचं ताट धरायला. त्या संस्थापकांच्या मिशीवर मी आठ दिवस मान मोडून बसले होते. ती शाल मी घरात कोणाला पांघरू दिलेली नाही.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला खाडीकडच्या एका जुन्या गावाची समिती आली. तिघे जण होते. अध्यक्षांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"शेठ मीच. बसा," मी म्हटलं.

त्यांना गावच्या चौकात एका बाईचा पुतळा हवा होता. ही बाई फार पूर्वी मिठागरात मीठ वाहायची. तेव्हा बायकांना टोपल्यामागे मजुरी मिळायची. एका वर्षी मुकादमाने टोपल्या मोठ्या आणल्या आणि मजुरी तीच ठेवली. या बाईने काम बंद पाडलं आणि जुन्या टोपल्या परत आणायला लावल्या. गावाबाहेर हे कोणाला ठाऊक नव्हतं. गावाच्या चारी बाजूंनी टॉवर उठले, नाक्यांना बिल्डरांची नावं पडली, तेव्हा गावाला तिची आठवण झाली. फोटो एकही नव्हता. तिचं नाव चौथऱ्यावर कोरलेलं आहे. या लिखाणात मी कोणाचंच घेत नाही.

अध्यक्षांनी माझा अल्बम चाळला आणि एका पानावर बोट ठेवलं. हॉटेलांच्या दारात उभी करतात ती पाणी भरणारी बाई. डोक्यावर घागर, मुठीत मावेल एवढी कंबर, ओठांवर हसू.

"हीच द्या. फक्त घागरीच्या जागी टोपलं करा."

मी हो म्हटलं. साचा तयार होता, धंदा सोपा होता. सहा फूट उंची ठरली आणि ते गेले. टोपलं तेवढं खरं दिसावं म्हणून दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन गावात गेले. त्या बाईबरोबर मीठ वाहिलेली एकच म्हातारी उरली होती. पाठीतून पार वाकलेली. तिच्या घरात माळ्यावर जुनं टोपलं होतं. माप घेता घेता मी विचारलं, "आजी, ती डोक्यावर कसं धरायची? एका हाताने की दोन्ही?"

"त्या दिवशी डोक्यावर काय नव्हता गो," म्हातारी म्हणाली. "ती बसली व्हती."

"बसली? कुठे?"

"बांधावर. टोपलं पालथा घातला नि त्याच्यावर बसली."

मग तिने सगळं सांगितलं. मिठाच्या वाफ्यांमधला बांध एका माणसापुरताच. बायका त्याच्यावरून एकामागे एक चालायच्या. भरलेलं टोपलं मध्ये खाली टेकवायचं नाही, कारण बुडाला चिखल लागला की मुकादम ते मोजणीत धरायचा नाही. आणि एकदा उतरवलं की पुन्हा डोक्यावर द्यायला दुसरी बाई लागायची. म्हणून कोणी कधी थांबत नसे. त्या दिवशी सगळ्यात पुढे ती होती. तिने मीठ वाफ्यात ओतलं, टोपलं पालथं घातलं आणि त्यावर बसली. मागच्यांना पुढे जायला वाटच नव्हती. मागची बसली, तिच्या मागची बसली. म्हातारी तेव्हा नुकती लग्न होऊन आलेली, शेवटून दुसरी होती. "मला बसायची लाज वाटली," ती म्हणाली. "सासू मागं व्हती. ती बोलली, बस गो."

मी गाळ्यावर परत आले आणि त्या हसऱ्या बाईचा साचा जुन्या पत्र्यांमागे ढकलून दिला. समितीला बोलावून घेतलं.

"बसलेली?" अध्यक्ष म्हणाले. "अहो ताई, कष्टकरी बाई दाखवायचीय. बसलेली बाई आळशी दिसेल."

"ती बसली म्हणून तुमच्या आज्यांच्या माना वाचल्या."

"लोक म्हणतील, बसची वाट बघतेय," दुसरा म्हणाला आणि तिघेही हसले.

माझा राग नाकावरच असतो. हातातला ब्रश मी डब्यात असा आपटला की रंगाचे शिंतोडे त्याच्या पँटवर उडाले. तो उठून पँट पुसायला लागला. तिसरा बोटांवर हिशेब करत होता. तो म्हणाला, "ते ठीक आहे हो, पण सहा फूट ठरलेत. बसवली तर चारसुद्धा भरणार नाही. सहा फुटांच्या पैशात चार फुटांची बाई घ्यायची का आम्ही?"

तिथे मला वाट दिसली. माणूस फुटांवर आला की त्याच्याशी सौदा होतो.

"उंची चौथऱ्यात घ्या," मी म्हटलं. "चौकात बांधलेला कमरेएवढा आहे, तो माणसाच्या उंचीचा करा. समोरून काळा ग्रॅनाइट लावू. जेवढा उंच, तेवढी नावांना जागा."

पँट पुसणारा पुन्हा खाली बसला.

"म्हणजे कार्यकारिणीची..." अध्यक्ष म्हणाले.

"कार्यकारिणी, सल्लागार, देणगीदार. एकालाही सोडू नका."

"अक्षरं सोनेरी?"

"सोनेरी. पण वर बाई बसलेलीच. साडी गुडघ्यापर्यंत कासोट्याची, पाय अनवाणी, आणि हसू नाही."

त्यांनी मान डोलावली. सौदा माझ्या मनासारखा पटला की मला त्या दिवशी जेवण गोड लागतं. त्या दिवशी लागलं.

म्हातारीला मी रिक्षाने गाळ्यावर आणलं आणि टोपलं पालथं घालून त्यावर बसवलं. तिच्या पायांची बोटं फाकलेली होती, ओल्या बांधाला धरून चालून तशी झालेली. आमचे दुकानातले पुतळे सगळे उंच टाचांसाठी केलेले, त्यांच्यातला एकही पाय कामाचा नव्हता. मी ते पाय मातीत नव्याने घडवले. सात वेळा मोडले.

अनावरण थाटात झालं. हार, भाषणं, फटाके. गर्दी पांगल्यावर म्हातारी सुनेचा हात धरून चौथऱ्यापाशी आली आणि ग्रॅनाइटवर हात फिरवत राहिली.

"ती कुठं हाय?"

"वर बघा ना, आजी."

"मान वर न्हाय होत गो. हे काय लिवलंय?"

सुनेने वाचायला सुरुवात केली. उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, खजिनदार. म्हातारी ऐकत होती आणि मला उभं राहवेना. त्या बाईला बघितलेलं एकच माणूस गावात जिवंत होतं, आणि त्याच्या डोळ्यांसमोर मी खजिनदार आणून ठेवला होता. सौदा माझा होता, चौथरा मीच उंच करायला लावला होता. रात्रभर स्वतःला शिव्या घातल्या.

सकाळी गवंडी, विटा आणि सिमेंट घेऊन मी चौकात गेले आणि चौथऱ्याला लागून तीन रुंद पायऱ्या बांधायला घेतल्या. दुपारी अध्यक्ष स्कूटरवरून आले.

"ताई, हे काय? परमिशन?"

"पुतळ्याची आहे ना? पायऱ्या पुतळ्याच्याच."

"अहो, नावं झाकली! सहसचिवापासून खाली सगळे गेले!"

"तुमचं वर आहे ना?"

त्यांनी स्कूटरवरूनच वाकून बघितलं. होतं. स्कूटरला किक मारत ते म्हणाले, "प्लास्टर तरी नीट करा. आणि मी आलो होतो, हे कोणाला सांगू नका."

सिमेंट धरल्यावर मी म्हातारीला घेऊन आले. गवंडी कडा साफ करत होता. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने सून, अशी ती तिन्ही पायऱ्या चढली. हात पुढे केला, तो पुतळ्याच्या पायाला लागला. तिने बोटं एकेक करून चाचपली, मग वाकलेल्या पाठीनेच डोळे जमेल तेवढे वर नेले.

"पाय दिसतात," ती म्हणाली.

"आणि तोंड?"

"न्हाय गो."

मी गवंड्याला हाक मारली आणि आणखी विटा आणायला पाठवलं.