वाळायच्या आधी धुवायचं

बेसा रोडवर दामिनीचं छोटंसं पार्लर आहे. दोन खुर्च्या, एक मोठा आरसा आणि कोमट पाण्यासाठी गीझर. पण थंडी पडली की या पार्लरवालीच्याच गालांची साल सुटायची. साबण लागला की चुरचुर, जरा घासलं की लाल. आयब्रो करता करता एखादी बाई विचारायचीच, "काहून वं, तू स्वतःले काही लावत नाही का?"

दामिनी हसून सांगायची, "माह्या तोंडाले जे चालते, ते कोणाच्याही तोंडाले चालते."

हे ती उगाच म्हणत नसे. नवी वस्तू आली की आधी स्वतःच्या गालावर, हा तिचा नियम होता. त्यामुळे शोभाताई लेकीच्या लग्नाचं काम घेऊन आल्या तेव्हा ती गडबडली नाही. नवरीचं पूर्ण काम तिला पहिल्यांदाच मिळत होतं. अडचण एवढीच, की नवरी अबोलीची त्वचाही तशीच कोरडी, नाजूक. साखरपुड्याआधी दुसरीकडे फेशियल केलं, गाल लालेलाल झाले आणि पोरगी कार्यक्रमभर ओढणीआड बसली होती.

"रविवारी येतो," शोभाताई म्हणाल्या. "पोरीचा गाल चांगला राहिला तं काम तुझं. नाही तं राम राम."

दामिनीने आंबवलेल्या तांदळाच्या पाण्याचा सौम्य फेसवॉश मागवला. दुधासारखा, फेस जवळजवळ नाहीच, वास किंचित आंबट. बाटली उघडताच तिची आई पुष्पलता स्वयंपाकघरातून बाहेर आली. गोळीबार चौकात राहत असताना घरी हातमाग होता, आणि सुताला भाताची खळ लावण्यात पुष्पलताचा हात कोणी धरू शकत नसे.

"हे तं आपली खळच आहे वं! लाव आन् चांगली वाळू दे. ओल्या खळीचा काही उपयोग नाही."

दामिनीलाही ते पटलं. लहानपणापासून तिने हेच पाहिलं होतं. बाटलीवर 'हलकेच चोळून लगेच धुवा' असं लिहिलं होतं. ते तिने वाचलं आणि सोडून दिलं. चेहऱ्यावर जाड थर देऊन गच्चीवर उन्हात जाऊन बसली. थोड्या वेळाने बोलायला गेली तर ओठ हलेनात. धुतलं तेव्हा दोन्ही गाल टमाट्यासारखे.

"आई, खळ काहून लावतो आपण सुताले?"

"कडक व्हावं म्हणून. नाही तं धागा तुटते."

"मंग मले तोंड कडक करायचं होतं का?"

पुष्पलता पदर तोंडाला लावून हसत सुटली. "मले काय विचारून राहिली? पार्लर तुझं आहे!"

दामिनीलाही हसू आलं, पण गाल ताणले म्हणून तिने ते आवरलं. दोष बाटलीचा नव्हता. लाली उतरेपर्यंत तिने नुसतं साधं क्रीम लावलं. मग पुन्हा करून पाहिलं. ओल्या चेहऱ्यावर वाटाण्याएवढा थेंब, बोटांच्या टोकांनी दोन-चार फेरे, वाळायच्या आधी कोमट पाणी, आणि त्वचा ओलसर असतानाच क्रीम. चुरचुर नाही, ताण नाही. दुसऱ्या सकाळीही नाही. आता तिची खात्री पटली.

रविवारी तिने अबोलीच्या एकाच गालाला तो थेंब लावला, बोटं फिरवली आणि पाणी घेतलं. शोभाताईंचं माहेर उमरेडचं, विणकरांचंच. त्या खुर्चीतून उठल्या. "अवं, वाळू तं दे!"

"ताई, हे लुगडं नाही, गाल आहे," म्हणत दामिनीने पाणी मारलंसुद्धा.

अबोली खुदकन हसली.

"ओढून राहिलं का वं?" शोभाताईंनी लेकीला विचारलं.

"नाही."

"मंग आता दुसरा गाल कर."

"आज नाही," दामिनी म्हणाली. "दोन दिवस पाहू. लाल नाही झालं तं पूर्ण चेहरा."

"अर्ध्या तोंडाची पोरगी घरी नेऊ का मी? तिकडे तं एका दिवसात सगळं करून दिलं होतं."

"म्हणूनच तं इकडे आल्या ना तुम्ही!"

शोभाताईंनी पर्स उचलली आणि लेकीला घेऊन निघाल्या. दामिनीने त्यांना थांबवलं नाही.

मंगळवारी अबोली एकटीच आली. दारात स्कूटी लावत म्हणाली, "आई विचारते, हळदीच्या दिवशी किती वाजता येशील?"

दामिनीने आधी तिचा चेहरा खिडकीच्या उजेडाकडे वळवला, गाल नीट निरखून पाहिला आणि मगच वेळ सांगितली.