पत्र्यामागची भिंत

अझरू गावाच्या वरच्या अंगाला, देवदाराच्या जंगलालगत तूदाचं सासर. बसायच्या खोलीला सासऱ्याने स्वतः तासलेल्या देवदाराच्या फळ्या चारही अंगांनी ठोकलेल्या. अक्का हे तिच्या नवऱ्याचं नाव; त्या फळ्यांचा त्याला कोण अभिमान. खोली मात्र एवढीशी. तिच्यात तूदाचा विणायचा माग आणि म्हाताऱ्या सासूचं, यमनाचं, अंथरूण बसवायचं, म्हणून लोखंडी शेगडी भिंतीला जवळजवळ चिकटवलेली. भिंत तापते म्हणून अक्काने फळीवरच पत्रा ठोकला होता आणि काम झालं असं मानलं होतं.

तूदाला ते पटलं नव्हतं. बर्फाच्या दिवसांत पत्र्यावर तळहात टेकवत नसे आणि करपल्यासारखा वास येई. तिने बाजारात शेगड्या बसवणाऱ्याला विचारलं. लाकडी भिंतीपासून दोन हात लांब ठेवा, असं तो म्हणाला. मागचा पत्रा फळीपासून दोन बोटं सुटा बसवला, खालून-वरून वारा खेळता राहिला, तर एका हातावर भागेल. नुसता ठोकलेला पत्रा तापून मागची फळी आतल्या आत भाजत राहते.

अक्काने ते तिच्याकडून ऐकून घेतलं आणि तो हसला.
"मांजराचं नाक आहे तुझं. इतके हिवाळे गेले, काही झालं?"
"फळी रोज थोडी थोडी भाजतेय, त्याचं काय?"
"बरं, शेगडी पुढे ओढली. मग आईला कुठे निजवू, मागावर?"

यमनाचे गुडघे थंडीने धरायचे. तिच्यासमोर तूदाला पुढे बोलवेना.

त्या हिवाळ्यात एकदा बर्फ दोन दिवस पडत राहिला आणि शेगडी विझलीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का मेंढ्यांकडे गेला होता. तूदा कणीक मळत होती. शेगडीत नुसते निखारे होते, तरी पत्र्याच्या वरच्या कडेतून धुराची बारीक रेघ निघत होती. तिने आधी सासूला पाठीवर घेऊन शेजारीण इत्तोकडे पोहोचवलं. मग तूदा आणि इत्तो दोघींनी पहारीने पत्रा उचकटला. मागची फळी कोळशासारखी काळी झाली होती आणि वारा लागताच लाल झाली. घागरी रिकाम्या झाल्या, तशा दोघी घमेल्याने बर्फ मारत राहिल्या.

घर वाचलं. एका बाजूची फळी छतापर्यंत जळून गेली.

अक्का परतला. जळक्या भिंतीवरून त्याने हात फिरवला. चूक झाली असं तो कधी म्हणाला नाही. बर्फ वितळू लागल्यावर शेगडी बसवणाऱ्याला स्वतःच घेऊन आला. शेगडी पुढे आली, पत्रा सुटा बसला, माग दुसऱ्या खोलीत गेला.

यमनाचं अंथरूण मात्र त्या खोलीत पुन्हा पडलं नाही. मी तिथे निजणार नाही, एवढंच ती म्हणाली आणि खेनिफ्रा गावी लेकीकडे गेली. जाताना तूदाचा हात तिने धरला.
"तू सांगत होतीस. मीही ऐकत होते गं. मला ऊब हवी होती."

 अजून तूदा जातायेता नव्या पत्र्यामागे हात घालून भिंत चाचपते. भिंत गार असते. तरी जीव थाऱ्यावर येत नाही, आणि अक्का ते पाहून मान फिरवतो.