कवेलूंवर वाळत घातलेले सेल

भंडाऱ्याच्या एस.टी. स्टँडवर मी एकटाच बोलू लागलो, तेव्हा बाकावर शेजारी बसलेली बाई पिशवी उचलून पलीकडे जाऊन बसली. तिची काही चूक नव्हती. माझा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता आणि डाव्या हातात तोंडाशी धरलेला एक काळा डबा. त्या डब्याला मी सांगत होतो, "स्टँडवर उकडलेल्या शिंगाड्यांचा वास. तलावांचा जिल्हा इथूनच सुरू होतो. हे वाक्य लेखात घे."

भंडाऱ्याच्या तलावांवर लेख लिहायचं एका साप्ताहिकाला कबूल केलं, आणि चौथ्या दिवशी सायकलवरून पडून मनगट मोडून घेतलं. लेख सोडायला मन होईना. तेव्हा आखातात नोकरी करणाऱ्या मेहुण्याने आणलेला कॅसेट रेकॉर्डर बायकोने पुढे ठेवला. "लिहिता येत नाही तर बोला. एरवी घरात काय कमी बोलता?" म्हणाली. दोन बटणं एकदम दाबायची की झालं. सुचलेलं विसरायच्या आत डब्यात जातं. पहिल्या दोन दिवसांतच मला त्याची चटक लागली.

आंधळगावला कोशाचं कापड विणणाऱ्या एका घरी गेलो. मागावर बसलेले गृहस्थ साठीचे होते. मी दारात उभा राहून डब्यात बोलू लागलो, तसे त्यांनी हात थांबवले. "काहून जी, मशीनले सांगून राहिले? आमाले सांगा ना."

मी हात दाखवला, कारण सांगितलं. त्यांनी चहा दिला, रेशमाचा धागा दाखवला आणि पुन्हा मागावर बसले. नंतर कळलं, बटण मी दाबलेलंच ठेवलं होतं. कॅसेटची अख्खी दुसरी बाजू मागाच्या खटखटीने भरली होती आणि सेलही अर्धे संपले होते. माझ्यासारखा वेंधळा माणूस शोधून सापडायचा नाही.

साकोलीला हमरस्त्यावर दुकानांची रांग आहे, पण त्या मापाचे सेल एकाकडेही नव्हते. "बुधवारी माल येते," दुकानदार म्हणाला. बुधवारला चार दिवस होते. मी लाखांदूरची एस.टी. धरली. भाद्रपद संपत आला होता. दोन्ही बाजूंना धान कमरेएवढं उभं, मध्येच तलावाचं पाणी चमकून जाई. त्या हिरव्या रंगाबद्दल मला तीन वाक्यं सुचली. तीही बोललो, जरा हळू आवाजात.

लाखांदूरपासून पुढे एका गावात साप्ताहिकाच्या ओळखीने सोमाजींकडे उतरायचं ठरलं होतं. गावच्या तलावाचं पाणी शेतांना वाटायचं काम त्यांचं. दारात पोचलो तर त्यांनी दोनदा टाळी वाजवली. आतून त्यांची सून यशोदा पाण्याचा गडवा (तांब्या) घेऊन आली. "मामाजीले डाक्टरनं बोलाले मना केलं आहे," ती म्हणाली, "म्हणून टाळ्या."

सोमाजींच्या गळ्यात गाठ झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाबरोबर, भास्करबरोबर, ते नागपूरला निघणार होते. ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. भास्करने मला हे ओसरीवर, त्यांच्यासमोरच सांगितलं. सोमाजी मान हलवत होते.

जेवायला भात, लाखोरीच्या डाळीचं वरण आणि तलावातले झिंगे (बारीक कोळंबी) होते. जेवताना भास्करने पाणीवाटपाची रीत समजावली. धान पोटरीत आलं, म्हणजे कणीस आत भरू लागलं, की आश्विनात तलावाचं तोंड उघडतात. सोमाजी पारीवर (तलावाच्या बांधावर) उभे राहतात आणि एकेका बांधीचं (खाचराचं) नाव घेऊन हाक देतात. हाक आली की त्या बांधीचा माणूस धुरा (बांधीची कड) फोडून पाणी घेतो, पुढच्या नावाची हाक आली की बुजवतो. सुरुवात सगळ्यांत टोकाच्या बांधीपासून. जवळच्याने आधी घेतलं तर टोकाला पाणी पोचत नाही. सत्तेचाळीस बांध्या, प्रत्येकीला नाव.

"लिहून ठेवलंय ना कुठे?" मी विचारलं.

"वहीत आहे," भास्कर म्हणाला. "पन वही पाहून हाक निंघत नाही जी. बाबा कुठं लांबवते, कुठं थांबते, त्याच्यावर लोकं पाणी मोजते. मी मागच्या साली देऊन पाह्यली. दोन जन धुऱ्यावरच भांडले."

सोमाजींनी टाळी वाजवली आणि माझ्या डब्याकडे बोट केलं. मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तुमी आपल्या मनातलं याच्यात बोलता. माही हाक घ्या. उद्या हे राहनार नाही."

मी बटण दाबून पाहिलं. चाक कसंबसं फिरत होतं. सेल संपत आलेत हे मी सांगितलं आणि मला माझीच लाज वाटली. आंधळगावची ती खटखट नसती तर हा प्रश्नच आला नसता.

"त्याले का होते?" यशोदा म्हणाली. तिने चारही सेल काढून घेतले, शिडी लावली आणि छपराच्या कवेलूंवर (कौलांवर) ओळीने मांडले. त्यांच्या रेडिओचे सेल असेच दर आठवड्याला ऊन खायचे. इकडे घरोघर हीच तऱ्हा. तीन तासांनी ते गरम सेल घातले आणि चाक फिरू लागलं.

आम्ही पारीवर गेलो. मागाची खटखट भरलेल्या बाजूवरच मी रेकॉर्ड करायला घेतलं. सोमाजींनी धोतर सावरलं, शेताकडे तोंड केलं आणि हाक दिली. इतका मोठा आवाज त्या किरकोळ देहात होता हे मला खरं वाटेना. "चिचवाऽऽ", मग "मोहतुऱ्याऽऽ", मग पुढचं. तलावाचं तोंड अजून बंदच होतं, तरी धानात काम करणारी माणसं उभी राहून बघू लागली. सत्तेचाळीस नावं झाली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. गळा दुखत असणार. भास्करने तोंड फिरवलं होतं.

लगेच लावून ऐकलं. बरोबर आलं होतं. सोमाजी माझ्या पाठीवर हात ठेवून हसले. कॅसेटच्या पहिल्या बाजूला माझ्या लेखाच्या नोंदी होत्या, त्या उतरवून झाल्या की मशीन आणि कॅसेट पाणी सोडायच्या आत पाठवीन, असं मी कबूल केलं. जुने सेल यशोदाने ठेवून घेतले. "रेडिओले चालतीन," म्हणाली.

पुण्याला आलो, नवे सेल घातले आणि मोठ्या ऐटीत बायकोला ऐकवायला बसलो. कॅसेटमधून एक बारीक, किरकिरं, घाईघाईचं पोर ओरडू लागलं. बायकोला हसू आवरेना. मला मात्र घाम फुटला. ऑपरेशन होऊन आठ दिवस झाले होते. पुन्हा घ्यायला हाक उरलीच नव्हती.

कॅसेट घेऊन गल्लीतल्या रेडिओवाल्याकडे धावलो. त्याने दोन मिनिटं ऐकलं. "घेताना सेल बसले होते. मोटर हळू फिरली, म्हणून आता धावतंय. तेवढेच बसलेले सेल घाला, बरोबर येईल."

मी डाव्या हाताने वाकडंतिकडं पत्र लिहिलं. नवे सेल घालू नका. कवेलूंवरचे तेच घाला. मशीन, कॅसेट आणि पत्र पार्सलने पाठवून दिलं आणि वाट बघत बसलो. लेख लिहून गेला, छापूनही आला. त्या हिरव्या रंगाची तीन वाक्यं त्यात होती. आता वाचली तर बेताचीच वाटतात.

दिवाळी झाल्यावर पार्सल परत आलं, सोबत भास्करचं पत्र. "सेल उन्हात ठेवून ठेवून चालवले. आवाज जरा जाड येते, पन बाबाच आहे. रोज संध्याकाळी ऐकून मी पारीवर सराव केला. पाणी सुरळीत झालं, भांडन नाही. आता सेल पुरते गेले, म्हणून मशीन वापस पाठवून राहिलो. कॅसेटमध्ये बाबाच्या मागं ऐका. ते नव्या सेलवर घेतलं आहे."

मी नवे सेल घातले. आधी ते किरकिरं पोर धावत गेलं. ते संपल्यावर खरखर झाली आणि स्वच्छ, भरदार आवाजात भास्करची हाक आली. चिचवा, मोहतुऱ्या, पुढचं, त्याच्या पुढचं. थांबायचं तिथे थांबत होता, लांबवायचं तिथे लांबवत होता. बाविसाव्या नावानंतर तो एक नाव गाळून पुढे गेला.

दोन टाळ्या ऐकू आल्या. भास्कर थांबला, मागे आला आणि राहिलेल्या बांधीला हाक दिली.