ताईच्या दुनळीचा नवा दस्ता

त्याला सगळे 'अजूनथोडे' म्हणत. आडनाव नव्हे ते, पण पोस्टमनसुद्धा त्याच नावाने हाक मारून पत्र देई. लाकूड घासताना दर दोन मिनिटांनी "अजून थोडं" असं पुटपुटायची खोड. तिचंच हे नाव झालं. धंदा बंदुकांना दस्ते बसवण्याचा. दस्ता म्हणजे बंदुकीचा लाकडी भाग, जो खांद्याला टेकतो आणि ज्यावर गाल ठेवून नेम धरतात. खुर्च्या-टेबलं करता करता एकोणिसाव्या वर्षी पहिला दस्ता दुरुस्त केला, आणि पुढे कुणाच्या खुर्चीला हात लावला नाही.

आणि या गृहस्थाने जन्मात एकदाही बंदूक झाडलेली नव्हती. आवाजाची भीती. मैदानावर गेलाच तर कानात कापसाचे बोळे कोंबून पार मागे उभा. बायको म्हणायची, "पोहायला शिकवतात, पण पाण्यात पाय घालत नाहीत."

तर एके दिवशी त्याची थोरली बहीण वडिलांची दुनळी बंदूक घेऊन आली. दस्ता ऐन गळ्यात, हाताने धरतात तिथेच, तडकलेला.

ताई अडुसष्ट वर्षांची, कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेली. मातीच्या उडत्या चकत्या बंदुकीने फोडण्याच्या खेळात बेचाळीस वर्षं क्लबच्या संघात. वडिलांचा दस्ता तिला कधीच बसला नव्हता. मान वाकडी करून तिने तो आयुष्यभर चालवून घेतला.

"दीड महिन्यावर निवड आहे," ती म्हणाली. "पंचवीसपैकी अठरा फुटल्या पाहिजेत. मागच्या वर्षी मोजून अठरा फुटल्या. डोळे ठणठणीत आहेत, डॉक्टरने लिहून दिलंय. या वेळी नाव गेलं तर बंदूक विकणार मी. कोपऱ्यात टेकवून रोज तिचं तोंड बघणं मला जमायचं नाही."

"विकायची भाषा करू नकोस. माझ्याकडे लाकूड आहे."

लाकूड म्हणजे अक्रोडाची एक फळी. अठरा वर्षं माळ्यावर सुकत ठेवलेली, मधाच्या रंगाची, काळ्या रेघांची. किती जणांनी मागितली. याने दिली नाही. आता ती खाली काढताना त्याला शिडीवरच घाम फुटला, आनंदाने.

माप घ्यायला त्याच्याकडे एक बंदूक होती, जिचा दस्ता स्क्रू फिरवून वर-खाली, डावा-उजवा करता यायचा. ताईने ती उचलून गालाला लावली. समोरून त्याने पाहिलं, तर तिचा डोळा बरोबर दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीवर. पहिल्याच फटक्यात. तो खूश. इथेच त्याला शंका यायला हवी होती. पण खूश माणसाला शंका येत नाही.

पुढचा महिना त्याला जेवणाची शुद्ध नव्हती. लोखंडाला दिव्याची काजळी फासायची, लाकडात दाबायचं, काळं उमटेल तेवढंच खरवडायचं. पुन्हा काजळी, पुन्हा दाब. शेवटी लोखंड लाकडात असं बसलं की मधे कागद शिरेना. शंभरदा तरी त्याने बायकोला हाक मारून ते दाखवलं. "बघितलं," ती म्हणायची. "आता नाकाची काजळी पुसा."

निवडीच्या आधीच्या बुधवारी सराव झाला. लोखंडी पत्र्यावर सावकाश नेम धरून मारलं, तर छर्रे अगदी मधोमध. मग चकत्या उडाल्या. पंचवीसपैकी नऊ.

 घरी ताई म्हणाली, "दस्ता सुरेख आहे रे. म्हातारी मीच झाले."

बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, "ताई, साखर किती?" ताई वळली. अख्खी वळली, खांद्यासकट, खुर्चीसकट.

"हे कधीपासून?" बायको बाहेर आली.

"काय?"

"मान. तुमची मान वळत नाही. मी गेल्या वर्षापासून बघतेय, वाटलं ऐटीत बसता."

ताईने मानेवर हात फिरवला. मग म्हणाली, "सावकाश वळते. मुद्दाम ठरवलं तर."

अजूनथोडे ताडकन उठला. सावकाश वळते! म्हणजे माप घेताना ताईने वेळ घेऊन मान वाकवली होती. बेचाळीस वर्षं वडिलांच्या दस्त्याला स्वतःला जुळवून घेणारी बाई; तिच्या हातात कोळशाचं फावडं दिलं असतं तरी ती त्याला जुळली असती. आणि हा शहाणा स्थिर बंदुकीचं माप घेऊन बसला! चकती काही थांबत नाही कुणाची मान वळेपर्यंत.

"डोळे मिट," तो म्हणाला. रिकामी दुनळी तिच्या हातात दिली. "आता झटकन लाव. मान वाकवायची नाही. हं, उघड. काय दिसतं?"

"डाव्या नळीची कड."

"नजर चांगली अर्धं बोट डावीकडे! म्हणून छर्रे डावीकडून जातात. दस्ता उजवीकडे वाकवायला हवा."

"परवा निवड आहे."

"नवा करायला वेळ नाही. हाच वाकवू. तडकला तर तडकला."

"लाकूड तुझं आहे," ताई म्हणाली, "आणि जीव माझा चाललाय."

गुरुवारी सकाळी दस्ता लोखंडी चौकटीत आवळला. गळ्याला सुती कापड गुंडाळलं आणि त्यावर जवसाचं कढत तेल पळी-पळीने ओतत राहिले. वीस मिनिटं. खोलीभर तेलाचा वास. मग त्याने स्क्रू फिरवायला घेतला. पाव फेरा. लाकूड कुरकुरलं. त्याचा हात थांबला. लाकूड निवल्यावर थोडं मागे येतं, म्हणून हव्या त्यापेक्षा जास्त वाकवावं लागतं, हे तो तीस वर्षं लोकांना सांगत आलेला. आता त्याच्या तोंडून शब्द फुटेना.

"अजून थोडं," ताई म्हणाली.

त्याने फिरवलं.

"अजून थोडं," बायको म्हणाली, तेलाची पळी हातात धरून.

त्याने डोळे मिटून शेवटचा पाव फेरा दिला. लाकूड गप्प राहिलं.

शुक्रवारी मैदानावर तो कानात कापूस घालून ताईच्या उजव्या अंगाला, चार हात मागे उभा राहिला. चकत्या त्याने पाहिल्याच नाहीत. तो पाहत होता ताईचा चेहरा. बंदूक वर यायची आणि दस्ता आपणहून गालाला भेटायचा. मान ताठच्या ताठ. पंचवीसही वेळा.

"किती?" संपल्यावर त्याने विचारलं, कापूस न काढताच, त्यामुळे जरा ओरडूनच.

"बावीस!" बायकोने बोटांनी दाखवलं, बोटं कमी पडली.

तो ताईकडे धावला. अभिनंदन वगैरे काही नाही; थेट दस्त्याचा गळा चाचपायला लागला. "रात्रीत केसभर मागे आलंय बहुतेक. दे जरा घरी, अजून थोडं..."

ताईने बंदूक दुसऱ्या हातात घेतली. "माझी आहे," ती म्हणाली. "हात लावशील तर बघ."